तो नाही म्हणालाच नव्हता

८ जानेवारी, बुधवार

इंग्रजीचा दुसरा तास. दुपारी तीन ते चार, कँटीनमध्ये, सांबाराच्या वासात. आमच्या धंतोलीतल्या दवाखान्याला कसलंसं मानांकन हवंय, म्हणून एकवीस वर्षं फायली सांभाळणाऱ्या सुनंदाबाईंनी बावन्नाव्या वर्षी इंग्रजी शिकायचं. शिकते. चहा फुकट आहे.

शिकवायला वैभव सर. तिशीचे, मन लावून शिकवतात. आजचा शब्द रिफ्यूज. रिफ्यूज म्हणजे नकार देणे, तोंडावर. डिक्लाइन म्हणजे तेच, पण गोडीत. डिनाय म्हणजे 'हे खरं नाही' असं म्हणणे. रिजेक्ट म्हणजे समोर आलेलं नापसंत करणे. "यात भले भले घोटाळा करतात," सर म्हणाले.

मी हात वर केला. म्हटलं, आमच्या फायलींत लिहितात, पेशंट डिनाइज टोबॅको. मागच्या वर्षी एका बाईंचा मुलगा ते वाचून भांडायला आला होता, माझी आई खोटं बोलते का म्हणून. सर म्हणाले, डॉक्टरी लिखाणात त्याचा अर्थ एवढाच, की विचारलं तर 'खात नाही' म्हणाली. मग तसंच लिहा ना! सगळे हसले. सरही.

वहीत चार शब्द उतरवले. समोर मराठी लिहिताना मजा आली: नाकारणे, झिडकारणे, धुडकावणे, नाकबूल जाणे, नन्नाचा पाढा लावणे. आपल्याकडे नकाराचा तुटवडा नाही.

९ जाने., गुरु.

आज हसू आलं नाही.

अकराच्या सुमारास रेकॉर्डच्या खिडकीशी एक जण. चाळिशीचा, सावनेरच्या पुढच्या खेड्यातला, गजानन. "ताई, माह्या मायची फाईल पाहाची होती." नाव सांगितलं, अनसूयाबाई. दिवाळीनंतर ॲडमिट होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. फाईल काढली. तो म्हणाला, तो एक कागद दाखवा, ज्याच्यावर माही सही हाय.

ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म. आमच्याकडे दोन चौकोन असतात. वरचा 'अ‍ॅग्री', खालचा 'रिफ्यूज'. खालच्यात टिक. खाली गजाननची सही. त्याच्याखाली साक्षीदाराची.

साक्षीदार मी.

"ताई, सुट्टीच्या कागदायत याची झेरॉक्स होती, माह्या भाच्यानं वाचून दाखवली. इंजिनीयरिंगले हाय थो. साऱ्या घरासमोर वाचलं, मामानं आजीच्या ऑपरेशनले नकार देला. तवापासून माय माह्यासंग बोलत नाही. बहिणीकडे सावनेरले जाऊन राहिली. मी नाही म्हटलंच नव्हतं ताई. तुमी होत्या ना तिथं?"

होते. म्हटलं, पाहते. फाईल जागेवर ठेवली. डबा उघडलाच नाही.

१० जाने., शुक्र.

सगळं आठवलं, आणि आठवायला वेळही लागला नाही. म्हणजे विसरले नव्हतेच.

दुपारचे चार वाजत होते. वॉर्डमधून निरोप आला, नातेवाइकाला मराठीत समजावून सांगायला या. मी वर गेले. निवासी डॉक्टर उद्या सकाळच्या ऑपरेशनसाठी सही मागत होते. गजानन म्हणाला, ऑपरेशन कराचंच हाय, पण पारशिवनीहून मोठे बाबा सकाळी येऊन राहिले, त्यायच्या कानावर घालतो अन् लगेच सही करतो. वडील गेल्यापासून या घरात मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांना विचारल्याशिवाय जमिनीचा बांधही हलत नाही. त्यांना न सांगता मायच्या अंगाला सुरी लावली असती, तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागलं असतं. आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं. डॉक्टर इकडचे नव्हते. म्हणाले, आज संमती नाही ना, मग खालचा चौकोन.

तिसरा चौकोन नव्हता. 'उद्या सांगतो' असा.

आणि मी म्हणाले, "सही करा दादा, हे नुसतं आजच्यापुरतं आहे." का? खाली फायलींचा गठ्ठा पडला होता आणि सव्वाचारची बस होती. बस! दुसरं काही कारण नाही, कितीही शोधलं तरी.

मोठे बाबा दुसऱ्या दिवशी नऊला आले. करा म्हणाले, आजच करा. पण फॉर्मवर नकार, म्हणून सकाळची वेळ दुसऱ्या पेशंटला दिलेली, आणि सर्जन दुपारीच बाहेरगावी निघाले. ऑपरेशन सातव्या दिवशी. तोवर म्हातारी पाठीवर पडून. पाठीला जखम झाली, ताप आला. आता वॉकर धरून चालते. लवकर केलं असतं तर किती फरक पडला असता हे मला सांगता येणार नाही, मी डॉक्टर नाही. पण ती सात दिवस का पडून होती ते मला सांगता येतं.

१२ जाने., रवि.

यांना सांगितलं. वीज कंपनीतून निवृत्त झाल्यापासून हे माझ्या कामावर जास्त लक्ष ठेवतात.

"मंग तू काय करणार?"

"लिहून देणार. तो नाही म्हणाला नव्हता म्हणून."

"तुयी सही हाय ना त्याच्यावर? स्वतःच्याच पायावर धोंडा काहून मारून घेऊन राहिली? सहा वर्षं राहिली नोकरीची."

म्हटलं, म्हणूनच. सही दुसऱ्या कुणाची असती तर मी गप्प बसले असते, हे मला माहीत आहे. एकवीस वर्षं बसलेच होते.

संध्याकाळी यांनी स्वतःहून संत्री सोलून समोर ठेवली. भांडण झालं की हे फळं सोलतात.

१५ जाने., बुध.

तास. संक्रांत कालच झाली, सरांना तिळगूळ दिला आणि मग कोंडीत पकडलं. विचारलं, "सर, 'पाहू, घरी विचारून सांगतो' याला इंग्रजीत काय?"

म्हणाले, "पोलाइट रिफ्यूजल. डिक्लाइन म्हणता येईल."

म्हटलं, अजिबात नाही. सर म्हणाले, तुम्ही लोक मुलगी पाहायला जाता आणि 'कळवतो' म्हणता, तेव्हा काय असतं? सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आता हे खरंच आहे. माझ्या धाकट्या बहिणीला सात 'कळवतो' आले, आठव्याने कळवलं. पण सर, तो ज्याचं तोंड बघायचं नाही त्याला म्हणायचा शब्द. हा ज्याच्याशिवाय पान हलत नाही त्याला विचारून येतो म्हणाला. तोंड बघितलं तर कळतं कुठला कुठे. फॉर्म तोंड बघत नाही.

सर म्हणाले, "मॅडम, हे पुस्तकातलं चाललं नाहीये ना?"

नाही, म्हटलं. तासानंतर सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या वहीत एक ओळ लिहून दिली. आस्क्ड फॉर टाइम. वेळ मागितला. एवढंसं! पाचवीतल्या पोराला येईल असं इंग्रजी.

१६ जाने., गुरु.

अर्ज लिहिला. मराठीत, एक पान. मी साक्षीदार होते. नातेवाइकाने नकार दिला नव्हता, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वेळ मागितला होता. फॉर्ममध्ये तशी सोय नसल्याने खालच्या चौकोनात खूण केली. 'आजच्यापुरतं आहे' असं मीच त्यांना सांगितलं. ते माझं चुकलं. मूळ नोंद न खोडता खाली तारीख घालून दुरुस्तीची नोंद करावी, रेकॉर्डचा नियमच तसा आहे.

शेवटचं वाक्य मुद्दाम. नियम मला मॅनेजरसाहेबांपेक्षा जास्त येतात.

मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. पोच घेतली. पोच मागितली म्हणून त्यांच्या भुवया वर गेल्या.

१८ जाने., शनि.

मॅ. साहेबांनी बोलावलं. (पुढे नुसतं मॅ.) गजाननलाही बोलावून घेतलं होतं, त्यानेही तक्रार दिलीय. भरपाई वगैरे काही मागितली नाही. फक्त कागद दुरुस्त करा, एवढीच मागणी. मॅ.ना तेच समजेना. दोनदा विचारलं, "आणखी काय पाहिजे?"

मग एकदम मऊ झाले. "हे बघा, शब्दच टोचतो ना? रिफ्यूज्ड जरा कडक आहे. आपण खाली नोंद करू, रिलेटिव्ह डिक्लाइन्ड. समानार्थी आहे, सौम्य आहे. झालं समाधान?"

मी काही बोलायच्या आत गजाननने विचारलं, "साहेब, त्याच्यातबी मी मायले नाहीच म्हटलं ना?"

"म्हणजे... हो, पण सभ्यपणे."

"मंग मी सभ्यपणे मायले मरू देलं म्हणा."

मॅ. म्हणाले, त्या दिवशी सही मिळाली नाही हे तर खरं ना. गजानन म्हणाला, खरं हाय. उशीर माह्यानंच झाला असंन तर तसं लिवा, उद्यापर्यंत थांबा म्हटलं असं लिवा, ते मी मायसमोर कबूल करतो. जे नाही बोललो ते नका लिवू.

मला वाटलं होतं मी त्याची बाजू घ्यायला गेलेय. त्याला माझी फारशी गरज नव्हती. फक्त माझी सही आडवी पडली होती.

जाता जाता जिन्यात म्हणाला, "मोठे बाबाबी माह्यावर चिडले. म्हणते, माह्यासाठी थांबला त कागदावर 'नाही' काहून लिवलं? मी त्यायले काय सांगू?"

२० जाने., सोम.

वॉर्डमधून पुन्हा हाक. साक्षीदार पाहिजे. भंडाऱ्याकडच्या बाई, पित्ताशयाचं ऑपरेशन. सून म्हणाली, नवरा ड्यूटीवरून सहाला येतो, तो आला की सही करतो. सिस्टरने पेन खालच्या चौकोनाकडे नेलं, सवयीने. सिस्टरही वाईट बाई नाही, तिला अठरा पेशंट आहेत.

मी पेन घेतलं. दोन्ही चौकोनांच्या खाली तिसरा काढला, आणि समोर लिहिलं: वेळ मागितला, आज सहा वाजेपर्यंत. सुनेला मराठीत वाचून दाखवलं. तिने सही केली, मी केली.

सहाला नवरा आला, मी थांबलेच होते. सही झाली. उद्या ऑपरेशन. एवढंच करायचं होतं तेव्हाही. हे लिहिताना राग येतोय, आणि कुणावर काढू असा प्रश्न नाही.

२१ जाने., मंगळ.

आज दोन फॉर्मवर तिसरा चौकोन काढला. सिस्टर म्हणाली, "ताई, तुमच्यामुळं माही वाट लागंन." म्हटलं, माझं नाव सांग.

२३ जाने., गुरु.

मेमो आला. सव्वा पान, इंग्रजीत. मानांकनाची तपासणी तोंडावर असताना छापील फॉर्मवर हाताने आकृत्या काढल्या. वरिष्ठांच्या सूचनेला नकार दिला. तीन दिवसांत इंग्रजीत खुलासा द्या.

'नकार दिला' ला त्यांनी कुठला शब्द वापरलाय ते मी आधी पाहिलं. रिफ्यूज्ड! या वेळी बरोबर वापरलाय. मी खरंच दिला होता, काल मॅ.नी चौकोन काढू नका म्हटलं तेव्हा.

२५ जाने., शनि.

खुलासा मराठीत दिला. इंग्रजी मला आता थोडं येतं, पण ज्या भाषेत तो माणूस बोलला त्याच भाषेत त्याचं म्हणणं लिहीन, असंही खाली घातलं. हे म्हणाले, जरा जास्त झालं. असेल.

रेकॉर्डमधल्या रेखाने आज माझ्यासोबत डबा खाल्ला नाही. तिची चूक नाही. तिचा मुलगा इथेच कामाला लागायचा आहे.

२९ जाने., बुध.

तासाला गेले. मॅ.नी सरांना सांगून ठेवलं होतं म्हणे, मला नाही आलं तरी चालेल. सरांनी दार उघडून "या मॅडम" म्हटलं आणि पुढच्या खुर्चीवर बसवलं. आज पोस्टपोन, डिफर, हेझिटेट. पुढे ढकलणे, लांबणीवर टाकणे, कचरणे. सगळ्यांना वाटलं अभ्यासक्रमातलं आहे. मला ठाऊक आहे, पुस्तकात आज भाज्यांची नावं होती.

माझी अडचण मात्र इंग्रजीची नाहीच, हे आज लक्षात आलं. शब्द सगळे आहेत तिच्यात. आम्ही विचारायलाच थांबत नाही.

२ फेब्रु., रवि.

उद्या तक्रार समिती. मॅ., एक मोठे डॉक्टर, एक बाहेरचे वकील. आज मॅ.चा घरी फोन. अर्ज मागे घेतला तर मेमो फायलीत जाणार नाही. 'नीट आठवत नाही' एवढं लिहिलं तरी पुरे. फोन यांनी उचलला होता, ऐकत उभे होते.

मी "मला नीट आठवतं" म्हणून ठेवला.

हे म्हणाले, "उद्या मी येऊ का संगं?" नको, म्हटलं. मग कळलं की त्यांना यायचं आहे. म्हटलं, गाडीवर सोडा फाटकापर्यंत.

३ फेब्रु., सोम.

जसं घडलं तसं लिहिते, उद्या डोक्यात दुसरंच काही तयार होईल.

अकराला आत बोलावलं. वकिलांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय ऐकलं? सांगितलं. मग त्यांचा प्रश्न, "तुम्हाला रिफ्यूजचा अर्थ त्या वेळी माहीत होता का?" मॅ.च्या चेहऱ्यावर जरा आशा आली. माहीत नव्हता म्हटलं असतं तर सगळेच सुटलो असतो. बिचारी मराठी शाळेतली बाई, काय करणार.

म्हटलं, माहीत होता. एकवीस वर्षं तो शब्द रोज बघते. नकार नाही हे कळत होतं, तरी सही केली.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. काही लिहिलं. बाहेर बसा म्हणाले.

बाहेर बाकावर गजानन, आणि खुर्चीवर पागोटं बांधलेले उंच म्हातारे. मोठे बाबा. आणि रॅम्पवरून वॉकर ठोकत, मुलीचा हात झिडकारत, अनसूयाबाई. सावनेरहून आल्या होत्या. कुणी आणलं विचारलं, तर मुलगी म्हणाली, स्वतःच हटून बसली. गजानन उठून उभा राहिला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्या शेजारी येऊन बसली.

"तू का वं ते, सहीवाली?"

"हो."

"आत काय सांगतलं ते मले सांग. मोठ्यानं. त्या म्हाताऱ्यालेबी ऐकू जाऊ दे."

सांगितलं. मोठ्याने, पूर्ण कॉरिडॉर ऐकेल असं. तो नाही म्हणाला नव्हता. सकाळी मोठे बाबा आले की सही करतो म्हणाला होता. खालच्या चौकोनात टिक झाली, आणि नुसतं आजच्यापुरतं आहे म्हणून सही मी करायला लावली.

मोठे बाबा खाली बघत होते. माझ्यापायी पोरावर हे आलं, असं काहीतरी पुटपुटले.

म्हातारीने मला विचारलं, "मंग तवा काहून नाही बोलली वं तू?"

आत वकिलांनी एवढे प्रश्न विचारले, हा नाही विचारला. खोटं बोलायला जागा होती. फायलींचा गठ्ठा, डॉक्टरांचा हुकूम, काहीही. म्हटलं, "माझी बस चुकली असती, आजी."

ती माझ्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बऱ्याच वेळाने मान वळवली आणि म्हणाली, "गजा, पाणी आण गा."

तीन महिन्यांत पहिला शब्द, असं त्याची बहीण नंतर मला म्हणाली. तो कूलरकडे गेला तो पळतच. ग्लास आणला, पाणी अर्धं सांडलेलं. तिने घेतलं आणि प्यायली. माफ केलं की नुसती तहान लागली होती, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं, ग्लास हातात धरून तसाच उभा होता.

दीडला मॅ. बाहेर आले. समिती विचार करेल, नोंदीचं आणि माझंही. कधी, ते सांगितलं नाही. मी विचारलं, उद्या कामावर यायचं का? म्हणाले, कळवू.

घरी हे विचारत होते काय झालं. म्हटलं, 'कळवू' म्हणाले. हे हसले, मीही हसले, मग थोडं रडले.

उद्या नेहमीच्या वेळेला जाणार आहे. पेन घेऊन. मला कामावरून काढायचं असेल तर समोर बसवून, तोंडाने, मराठीत सांगावं लागेल.